लाईनवर भांडण पेटलं तर: नव्या सुपरवायझरसाठी

भोसरी, चाकण, रांजणगाव, सातपूर, वाळूज. एमआयडीसी कुठलीही असो, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या शॉपमध्ये नवीन सुपरवायझरच्या गळ्यात पहिल्या महिन्याभरातच एखादं भांडण येऊन पडतं. फर्स्ट शिफ्टवाला सेकंडवाल्याशी बोलत नाही. क्वालिटीचा इन्स्पेक्टर आणि प्रॉडक्शनचा लाईन लीडर एकमेकांना पाहून तोंड फिरवतात. मेंटेनन्सला फोन केला की "त्यांच्या लाईनवर मी जाणार नाही" असं उत्तर येतं. वरून मॅनेजर म्हणतो, "तुमच्या लेव्हलला मिटवा." कसं मिटवायचं ते मात्र कोणी सांगत नाही.

एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा. शॉपमधली बरीचशी भांडणं स्वभावाची दिसतात, पण उकरून पाहिलं की दोघांच्या कामाच्या मध्ये काहीतरी सुटलेलं सापडतं. न लिहिलेली नोंद, न ठरलेला अधिकार, न कळवलेला बदल. ते भरलं नाही तर घातलेली समजूत आठ दिवससुद्धा टिकत नाही. म्हणून खालच्या पायऱ्यांपैकी मशीनपाशी जाण्याला आणि समोरासमोर बसवण्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. बाकीच्या पटापट उरकल्या तरी चालतात.

पायरी १: आधी माणसं वेगळी करा, मग मशीन बघा

आवाज चढले आहेत, चार जण गोळा झाले आहेत, अशा वेळी न्यायनिवाडा करू नका. दोघांना दोन दिशांना पाठवा. एकाला स्टोअरमध्ये कामाला लावा, दुसऱ्याला पाणी पिऊन यायला सांगा. चिडलेल्या माणसाला त्या क्षणी प्रेसवर किंवा ग्राइंडिंगवर परत उभं करू नका. बोटं जातात ती अशाच वेळी. भांडण मालावरून असेल तर संशयित माल लाल पेटीत, म्हणजे अडवून ठेवलेल्या मालाच्या पेटीत टाकून टॅग लावा, म्हणजे उद्या "तो माल माझा नव्हताच" हा नवा वाद उभा राहणार नाही.

या दहा मिनिटांत एकच प्रश्न तोंडातून जाऊ देऊ नका: "चूक कोणाची?" सगळ्यांसमोर हा प्रश्न आला की दोघंही स्वतःचा बचाव ठरवून टाकतात, आणि मग तुम्हाला खरं ऐकायला मिळत नाही.

पायरी २: हे भांडण तुमचं आहे का?

काही गोष्टी सुपरवायझरने मिटवायच्याच नसतात. हातघाई झाली, कोणी हत्यार उगारलं, कोणी पिऊन आला, गेटबाहेर बघून घेण्याची धमकी दिली: तर लगेच वर कळवा आणि काय पाहिलं तेवढंच लिहून द्या.

बाईने छेडछाडीची किंवा घाणेरड्या बोलण्याची तक्रार केली तर "मी त्याला समज देतो, तू मनावर घेऊ नकोस" हे वाक्य गिळा. २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. त्या कायद्यात समेटाची सोय आहे, पण ती फक्त त्या बाईने स्वतः मागितली तरच, आणि पैसे देऊन मिटवायचं नाही असं त्यात स्पष्ट म्हटलेलं आहे. मधे पडून तडजोड करणं तुमच्या अधिकारात येत नाही. समितीत कोण आहे, त्यांना कुठे भेटायचं हे सांगा आणि त्या दिवशी त्या बाईला त्याच माणसाच्या शेजारी काम करावं लागणार नाही एवढं पाहा.

जातीवरून बोललं गेलं असेल तरीही तसंच. "गमतीत म्हणाला तो" असं म्हणत पांघरूण घालणारे पुष्कळ भेटतील. १९८९ चा अॅट्रॉसिटीचा कायदा लागू होईल की नाही हे ठरवणं आपलं काम नाही, दाबून टाकणं तर नाहीच.

तिसरा प्रकार पगार, ओव्हरटाइम, बढती, मेमो यांचा. ही माणसाची कंपनीशी असलेली तक्रार आहे, टीममधलं भांडण नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार २० किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती लागते. तिच्यात कामगार आणि मालक दोघांचे सारखे सदस्य असतात, जास्तीत जास्त १०, आणि अर्जावर ३० दिवसांत काम पूर्ण करायचं असतं. नोटीस बोर्डावर समितीची नावं आहेत का ते आजच पाहून ठेवा. नसतील तर एचआरला विचारा. विचारलेलं बरं असतं.

बाकी राहिलेलं सगळं तुमचं.

पायरी ३: दोघांना वेगवेगळं ऐका

काचेच्या केबिनमध्ये बोलावू नका. अख्खी लाईन आत बघत असते आणि कोण किती वेळ बसला याचा हिशोब कॅन्टीनमध्ये होतो. कॅन्टीनही नको. टूल रूमचा कोपरा, मटेरियल गेटजवळचा बाक, अशी जागा शोधा.

आधी कोणाला ऐकायचं? माझं मत स्पष्ट आहे: दोघांत ज्याची नोकरी कच्ची, त्याला आधी. एक पर्मनंट आणि एक कंत्राटी असेल, तर पर्मनंट माणसाचं बोलून झालंय हे कळल्यावर कंत्राटी पोरगा "ते म्हणाले तसंच असेल साहेब" म्हणून मोकळा होतो. त्याला वाटतं आपलं गेटपास उद्या बंद. म्हणून बसल्याबसल्या सांगून टाका, "हे ठेकेदाराकडे जाणार नाही, मला फक्त काय झालं ते समजून घ्यायचंय." आणि मग खरोखरच जाऊ देऊ नका.

हाक मारताना वयाकडे बघा. तेवीस वर्षांच्या डिप्लोमावाल्याने पन्नाशीच्या ऑपरेटरला आडनावाने हाक मारली की अर्धं भांडण तिथेच वाढतं. शॉपमध्ये सगळे त्यांना मामा म्हणत असतील तर तुम्हीही मामा म्हणा, आणि 'अहो'च म्हणा. उलट बाजूने, एकाला 'मामा, बसा' आणि दुसऱ्याला 'ए, इकडे ये' केलंत तर निकाल आधीच लागला असं पोरगा समजतो. त्यालाही नावाने, नीट.

प्रश्न वेळेवरून विचारा. "तुम्ही असं का केलंत?" असं विचारलं की माणूस सफाई देतो. "अडीच वाजता मशीन कसं चालू होतं? मग तुम्ही काय केलंत? पुढचा पीस कधी मोजला?" असं विचारलं की तो घडलेलं सांगायला लागतो. समोर छोटी वही ठेवा, लिहा, आणि उठण्याआधी वाचून दाखवा. "सगळेच म्हणतात की तो असाच आहे" असं आलं तर शांतपणे विचारा, सगळे म्हणजे कोण? बहुतेक वेळा एखादंच नाव निघतं, कधी तेही नाही.

पायरी ४: मशीनपाशी जा

इथे जरा थांबू, कारण भांडणाचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं.

सीएनसी लेथवर एका हाउसिंगचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक होतंय. ड्रॉइंगवर ५२ एच७, म्हणजे ५२.००० ते ५२.०३० मिलिमीटर. तीस मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) खिडकी. फर्स्ट शिफ्ट संपत आली की इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, झिजलेला असतो आणि झिजलेल्या इन्सर्टने बोअर लहान यायला लागतो. मामा अनुभवी. त्यांनी वेअर ऑफसेटमध्ये (झीज भरून काढायला मशीनला दिलेल्या आकड्यात) चाळीस मायक्रॉन प्लस दिले, बोअर परत मधोमध आणला आणि शेवटचा तास व्यवस्थित माल काढला. तीनला लॉगबुकमध्ये लिहिलं: "मशीन ओके." आणि गेले, कारण तीन दहाला कंपनीची बस सुटते.

सेकंडचा पोरगा आला. फिनिशवर रेघा दिसल्या म्हणून त्याने इन्सर्ट बदलला. नवा इन्सर्ट झिजलेला नाही, पण ऑफसेटमधले चाळीस मायक्रॉन तसेच. बोअर ५२.०५ च्या पुढे. इन्सर्ट बदलल्यावर पहिला पीस क्वालिटीने पास करायचा असतो, पण इन्स्पेक्टर स्वतःच्या शिफ्टचा चार्ज घेत होता आणि टार्गेट तर तीनपासूनच मोजतात. पोराने माल चालू ठेवला. बोअर लहान असता तर रिवर्क करता आला असता. मोठा झाला म्हणजे थेट स्क्रॅप.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता दोघं समोर. पोरगा: "मामांनी ऑफसेट वाढवून ठेवला आणि सांगितलं नाही." मामा, अख्ख्या लाईनसमोर: "इन्सर्ट बदलला की ऑफसेट बघायचा असतो, एवढं डिप्लोमात शिकवत नाहीत का?"

आता बघा. मामांनी ओके माल दिला हे खरं. पोराने फक्त इन्सर्ट बदलला हेही खरं. इन्स्पेक्टर जागेवर नव्हता, पण तो त्याचंच काम करत होता. तिघंही खरं बोलतात आणि पेटीभर माल तरी स्क्रॅप झाला. तुम्ही केबिनमध्ये बसून कोण खोटं बोलतंय ते शोधत राहिलात तर हे कधीच सापडणार नाही. मशीनच्या स्क्रीनवर ऑफसेट पेज उघडा, लॉगबुकचं पान उघडा, इन्सर्ट कधी बदलला ते टूल लाइफच्या नोंदीत बघा. सुटलेली जागा सापडते: लॉगबुकमध्ये "मशीन ओके" लिहायला रकाना आहे, ऑफसेट लिहायला नाही. आणि चार्ज द्यायला-घ्यायला वेळच ठेवलेला नाही, कारण बस तीन दहाला सुटते.

बसची वेळ ऑपरेटरच्या हातात नाही. तुमच्याही नाही. पण ती वर मांडणं तुमच्या हातात आहे, आणि स्क्रॅपचा आकडा सोबत घेऊन गेलात तर ऐकलं जातं.

दुसरा प्रकार वेल्डिंग शॉपमधला. एप्रिल-मे, पत्र्याचं छत, मोठा मॅन-कूलर फॅन. फिटिंगवाला तो स्वतःकडे फिरवतो. सीओटू वेल्डिंगवाला उठून बंद करतो. दिवसातून चार वेळा. दोघंही एकमेकांना हेकट समजतात. वेल्डरला विचारा: वाऱ्याने गॅसचं आवरण उडून जातं, वेल्डमध्ये ब्लोहोल (बारीक पोकळ्या) येतात आणि रिवर्क त्याच्या नावावर पडतो. फिटरला विचारा: जागेवर उभं राहवत नाही. "दोघांनी अर्धा-अर्धा तास लावा" ही तडजोड दोघांनाही निरुपयोगी आहे. वेल्डिंग बूथला पडदा लावला किंवा फॅन वर चढवून फिटरच्या पाठीमागून दिला की वाद राहतच नाही. मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन बाईंनी १९२५ मध्येच असं उदाहरण दिलं होतं. वाचनालयात एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेट बाईंना बंद. मग शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. शंभर वर्षं झाली. आपल्याकडे अजून फॅनचं बटण कोणाच्या हातात यावरच मीटिंग होतात.

पायरी ५: समोरासमोर बसवा, पण तयारीनंतर

मशीन पाहून झाल्याशिवाय दोघांना एकत्र बसवू नका. रिकाम्या हाताने बसवलं तर काल झालेलं भांडण आज तुमच्यासमोर परत होतं, एवढंच.

वेळ शिफ्टच्या आतली घ्या. सुटल्यावर थांबवलं तर दोघंही बसच्या काळजीत "हो हो" म्हणतात. वीस मिनिटं पुरतात. सुरुवात तुम्ही करा आणि जे सापडलं ते कागदासकट समोर ठेवा: "मामा, तुम्ही दिलेला माल ओके होता, मी बघितलं. तू इन्सर्ट बदललास तेही बरोबर. ऑफसेटची नोंद कुठेच नव्हती आणि पहिला पीस पास न होता माल चालू झाला, तिथे घोळ झाला." या तीन वाक्यांनी दोघांचे खांदे खाली येतात. मग दोघांना एकच प्रश्न: "उद्या तीन वाजता काय वेगळं करायचं?" उत्तर तुम्हाला माहीत असलं तरी त्यांना देऊ द्या. मामा म्हणाले की "मी ऑफसेट खडूने मशीनच्या दारावर लिहीन", तर ते तुमच्या छापील फॉर्मपेक्षा जास्त दिवस टिकेल.

"हा नेहमीच असं करतो" सुरू झालं की कालच्या घटनेवर परत आणा. जुनं उकरायचं असेल तर त्यासाठी वेगळी वेळ देतो म्हणा, आणि म्हटलंत तर द्या.

आता अपमानाचं. ऑफसेटचा रकाना आखून "डिप्लोमात शिकवत नाहीत का" हे वाक्य पुसलं जात नाही. सुटलेलं काम भरणं आणि दुखावलेल्या माणसाचं मन सांभाळणं ही दोन कामं आहेत आणि पहिलं केलं की दुसरं आपोआप होतं असं समजणारे सुपरवायझर खूप आहेत. मामांना एकटं गाठून सांगा: "तुमचं म्हणणं बरोबर होतं, पण चार पोरांसमोर बोललात. तेवढं मागे घ्या." वयाने मोठा माणूस 'सॉरी' म्हणेलच असं नाही, आणि ते वदवून घेण्याचा हट्ट धरू नका. तो दुसऱ्या दिवशी त्याच लाईनवर, त्याच पोरांसमोर, "ये, ऑफसेट कसा काढायचा ते दाखवतो" म्हणाला तर पोराला काय कळायचं ते कळतं. जे सगळ्यांसमोर बोललं गेलं ते सगळ्यांसमोरच परत घेतलं जावं, एवढी अट मात्र ठेवा. केबिनमध्ये हात मिळवायला लावून फोटो काढण्यासारखे प्रकार करू नका.

आणि एक वाक्य ओळखायला शिका: "जाऊ द्या साहेब, मिटलं." मान खाली, आवाज सपाट. ते मिटलेलं नसतं. त्या माणसाला संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी एकट्याला भेटा.

पायरी ६: ठरलं ते तीन ओळींत लिहा

कोण, काय, कधीपासून. बस्स. आमच्या उदाहरणात ते असं होईल: शिफ्ट देताना ऑपरेटर प्रत्येक टूलचा वेअर ऑफसेट आणि इन्सर्टवर झालेले पीस लॉगबुकमध्ये लिहील. इन्सर्ट बदलल्यावर पहिला पीस पास होईपर्यंत मशीन थांबलेलं राहील आणि तो वेळ टार्गेटमधून वजा होईल. शिफ्ट बदलताना इन्स्पेक्टर आधी इन्सर्ट बदललेल्या मशीनवर जाईल.

मधली ओळ तुम्ही वरून मंजूर करून आणली नाहीत तर पहिली आणि तिसरी कागदावरच राहतील. ज्या भाषेत माणसं लॉगबुक भरतात त्याच भाषेत लिहा. लाईनवर बिहार-उत्तर प्रदेशची पोरं असतील तर हिंदीतही. आणि मेमोच्या भाषेत नको. "सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी" वाचलं की माणूस पुढचं वाचत नाही.

सुट्ट्यांची भांडणं वेगळी

यात सुटलेलं असं काही नसतं, वस्तूच कमी असते. गणपतीला कोकणातले सगळे जाणार. आषाढीला वारीवाले. दिवाळी झाल्यावर छठला उत्तरेकडची पोरं. चैत्रात साताऱ्या-सांगलीकडच्या जत्रा, आणि मे महिन्यात ज्याच्या त्याच्या घरी लग्न. ऐनवेळी "आधी अर्ज दिला त्याला सुट्टी" हा नियम लावला की मोबाइलवर पटकन अर्ज टाकणाऱ्याचं फावतं.

सणाच्या दोन महिने आधी फळ्यावर तक्ता लावा. प्रत्येकाने आपले दोन दिवस लिहायचे, एक नक्की हवा असलेला आणि एक जमला तर. शेजारी गेल्या वर्षी कोणाला कधी सुट्टी मिळाली तेही लिहा. हा शेवटचा रकाना फार कामाचा आहे. गेल्या गणपतीला जाऊन आलेला माणूस तो पाहिला की पुष्कळदा स्वतःच म्हणतो, "या वेळी त्याला जाऊ द्या." आणि मॅनेजरच्या ओळखीतल्या माणसाला तक्ता मोडून सुट्टी दिलीत, तर पुढच्या वर्षी कोणी फळ्याजवळसुद्धा फिरकणार नाही.

पायरी ७: नंतर बघत राहा, आणि जमलं नाही तर

पहिले दोन आठवडे शिफ्ट बदलताना तुम्ही स्वतः तिथे असा. काही बोलायची गरज नाही, लॉगबुक उघडून बघा एवढंच. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलू लागले तर झालं. त्यांनी एका डब्यातून जेवलं पाहिजे असा कायदा नाही. मात्र निरोप तिसऱ्यामार्फत जात असतील, किंवा लॉगबुकमध्ये एकमेकांना टोमणे मारलेले दिसले, तर पाचवी पायरी परत.

युनियन असेल तर प्रतिनिधीला सुरुवातीलाच कानावर घाला. मध्यावर कळलं की त्याला बाजू घ्यावी लागते, आधी कळलं तर बहुतेक वेळा मदत करतो. कंत्राटी कामगाराला "उद्यापासून येऊ नकोस" असं रागाच्या भरात म्हणू नका. तो ठेकेदाराच्या पटावर आहे, तुमच्या नाही, आणि हे एकदा ऐकलं की त्या लाईनवरची बाकीची कंत्राटी पोरं पुढच्या वेळी मशीन बिघडलेलं असलं तरी तुम्हाला सांगणार नाहीत.

दोन-तीनदा बसवूनही जमलं नाही, तर माणसं वेगळ्या लाईनवर किंवा वेगळ्या शिफ्टला टाका. यात हार वगैरे काही नाही. काही जोड्या जमत नाहीत. फक्त कोणाला हलवायचं ते नीट ठरवा. पर्मनंट माणसाला हलवायला कागदपत्रं लागतात, म्हणून दर वेळी कंत्राटी किंवा ट्रेनी पोरालाच उचललं जातं, आणि लाईन त्याचा अर्थ "चूक त्याची होती" असाच लावते. कुठल्या मशीनवर कोणाची गरज आहे ते बघून ठरवा, आणि बदलीचं कारण दोघांना एकत्र उभं करून सांगा. "माझी चूक होती म्हणून हलवलं का?" असं त्यातल्या कोणी विचारलं, तर जे खरं असेल ते तिथल्या तिथे सांगा.